हाफवे हाऊस आमच्या गल्लीत नको: अमेरिकेतलं झोनिंग नेमकं काय अडवू शकतं?

टेक्सासमध्ये क्लीबर्न नावाचं एक लहान शहर आहे. १९८० साली तिथल्या फेदरस्टन स्ट्रीटवर एक घर विकत घेतलं गेलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या १३ स्त्री-पुरुषांनी तिथे एकत्र राहावं, मदतीला चोवीस तास माणसं असावीत, असा बेत होता. शहराने सांगितलं, यासाठी विशेष परवाना लागेल. अर्ज गेला, जाहीर सुनावणी झाली आणि शहर परिषदेने ३ विरुद्ध १ मतांनी परवाना नाकारला.

कारणं वाचण्यासारखी आहेत. आसपासच्या घरमालकांचा विरोध आहे. रस्त्यापलीकडे शाळा आहे, तिथली मुलं या लोकांना त्रास देतील. घर पाचशे वर्षांतून एखाद्या वेळी येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात आहे. शिवाय एका घरात इतकी माणसं म्हणजे गर्दी. आता दुसरी बाजू बघा. त्याच जागेवर अपार्टमेंट, कॉलेजच्या मुलांचं वसतिगृह किंवा वृद्धांचं नर्सिंग होम काढायचं असतं, तर विशेष परवान्याची गरजच नव्हती. पूर आला तर नर्सिंग होममधल्या आजोबांना बाहेर काढणं काही सोपं नसतं, पण त्यांची काळजी नियमाला नव्हती. आणि ज्या शाळेचं नाव पुढे केलं गेलं, तिथे अशीच अक्षमता असलेले सुमारे ३० विद्यार्थी रोज शिकत होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या घराकडून असा परवाना मागणं घटनाबाह्य आहे, असा निकाल १९८५ मध्ये लागला. परवान्यामागे या माणसांबद्दलच्या पूर्वग्रहाशिवाय दुसरं काही दिसत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पण त्याच निकालात न्यायालयाने एक पाऊल मागेही घेतलं. वंशभेदाच्या खटल्यांत सरकारी नियम जितक्या कडकपणे तपासला जातो, तितका तो अक्षम व्यक्तींच्या बाबतीत तपासायला नकार दिला. म्हणजे क्लीबर्नचं घर वाचलं, पुढच्या शहरातल्या पुढच्या घराचा प्रश्न उघडाच राहिला. त्यानंतरची चाळीस वर्षं अमेरिकेत भांडण चालू आहे ते याच प्रश्नावर: शहर जमिनीचा वापर ठरवतंय, की घरात कोण राहणार ते ठरवतंय?

आधी झोनिंग म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. आपल्याकडे जमीन घेताना पहिला प्रश्न असतो, यलो झोन की ग्रीन झोन? तेच हे. शहर नकाशावर पट्टे आखतं: इथे घरं, इथे दुकानं, इथे कारखाने. शहरांना हा अधिकार आहे, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात शिक्कामोर्तब केलं. कारखान्याचा धूर घराच्या खिडकीत नको, हे कुणालाही पटेल. पण अमेरिकी झोनिंगचा खरा विशेष वेगळाच आहे. तिथल्या निवासी जमिनीचा फार मोठा भाग ‘एका कुटुंबासाठी एक घर’ या पट्ट्यात मोडतो. आणि एकदा नियमात ‘कुटुंब’ हा शब्द आला, की कुटुंब कशाला म्हणायचं हेही शहरालाच ठरवावं लागतं.

लाँग आयलंडवरच्या बेल टेअर या चिमुकल्या गावाने ठरवलं, की नात्याची कितीही माणसं एकत्र राहू शकतात, पण बिननात्याची दोनच. जवळच्या विद्यापीठातल्या सहा विद्यार्थ्यांनी मिळून घर भाड्याने घेतलं तेव्हा गावाने हरकत घेतली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाची बाजू उचलून धरली. तीनच वर्षांनी ईस्ट क्लीव्हलंडचा खटला आला आणि तो मराठी वाचकाला नक्की बोचेल. आयनेझ मूर नावाच्या आजीच्या घरी दोन नातू राहत होते, एक एका मुलाचा, दुसरा दुसऱ्या मुलाचा. दुसरा नातू आई वारल्यावर आजीकडे आला होता. शहराच्या व्याख्येत सख्खी भावंडं बसत होती, चुलत भावंडं नव्हती. आजीला पाच दिवसांची कैद आणि २५ डॉलर दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो नियम रद्द केला, तोही ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने. नात्याच्या माणसांना संरक्षण मिळालं. बिननात्याची माणसं मात्र शहराच्या मर्जीवरच राहिली, आणि आपला विषय सगळा या बिननात्याच्या माणसांचा आहे.

ही माणसं राहतात ती घरं साधारण तीन प्रकारची असतात आणि बोलताना त्यांची हमखास सरमिसळ होते. पहिलं ग्रुप होम. बौद्धिक अक्षमता, ऑटिझम किंवा मानसिक आजार असलेली चार-सहा माणसं, सोबत पगारी मदतनीस, बहुतेक वेळा राज्याचा परवाना. दुसरं सोबर होम. दारू किंवा ड्रग्ज सोडलेली माणसं एकमेकांच्या आधाराने राहतात; तिथे उपचार नसतात, नियम असतात. तिसरं हाफवे हाऊस. शिक्षेचे शेवटचे महिने काढण्यासाठी तुरुंगातून इथे पाठवलं जातं. दिवसा काम शोधायचं किंवा कामावर जायचं, ठरल्या वेळी परत यायचं. केंद्र सरकारचं तुरुंग खातं अशी घरं कंत्राटाने चालवून घेतं आणि २००८ च्या कायद्याने त्यासाठी जास्तीत जास्त १२ महिन्यांची मर्यादा घातली; २०१८ च्या कायद्यानंतर काही कैद्यांना ती लागू राहिली नाही. आपल्याकडे ‘हाफवे होम’ हा शब्द मुख्यतः मानसिक आरोग्याच्या संदर्भात येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १९ मध्ये सरकारने हाफवे होम आणि ग्रुप होम उभारावीत किंवा त्यांना मदत करावी असं लिहिलेलं आहे. ती उभी राहू लागली, की आपल्याकडे झोनिंगपेक्षा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेशीच गाठ पडेल, असा माझा अंदाज.

अमेरिकेत या घरांचं पारडं बदललं ते १९८८ मध्ये. घरभाडं आणि घरविक्रीतल्या भेदभावाविरुद्धचा जुना केंद्रीय कायदा होता, त्यात त्या वर्षी अक्षम व्यक्तींचा समावेश झाला. व्यसन सोडलेला माणूसही या कायद्याच्या लेखी अक्षम व्यक्तींत मोडतो. आज बेकायदा ड्रग्ज घेणारा मोडत नाही. शहरावर नवी जबाबदारी अशी आली, की या माणसांना घर मिळावं म्हणून गरज पडल्यास नियमात वाजवी सवलत द्यायची. नियम सगळ्यांना सारखा आहे एवढं म्हणून शहराची सुटका होत नाही. पायऱ्या सगळ्यांसाठी सारख्याच असतात, पण व्हीलचेअरवाल्यासाठी नसतात.

या कायद्याची कसोटी लागली ती वॉशिंग्टन राज्यातल्या एडमंड्स शहरात. तिथे ऑक्सफर्ड हाऊस नावाच्या संस्थेचं एक सोबर होम १९९० मध्ये सुरू झालं. ही संस्था १९७५ मध्ये मेरीलँडमध्ये जन्मली आणि तिची पद्धत वेगळी आहे. घरात व्यवस्थापक नसतो. राहणारेच भाडं वाटून घेतात, मतदानाने निर्णय घेतात, आणि जो पुन्हा प्यायला लागतो त्याला घर सोडावं लागतं. एडमंड्सच्या घरात १० ते १२ जण होते. शहराचा नियम होता बिननात्याच्या पाचांचा. शहराने कायद्यातल्या एका पळवाटेवर बोट ठेवलं. घरात जास्तीत जास्त किती माणसं राहावीत, याची वाजवी मर्यादा शहर घालू शकतं, ती या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे, असं त्यात म्हटलेलं होतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी शहराचा युक्तिवाद फेटाळला. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दाखवलेला फरक सोपा आहे, तो नीट समजला की अर्धा विषय समजला. ‘इतक्या चौरस फुटांना इतकी माणसं’ ही गर्दीवरची मर्यादा. ती सगळ्यांना लागू होते, सख्ख्या भावंडांनाही. पण एडमंड्समध्ये नात्यातली वीस माणसं एका घरात राहिली असती तरी शहराचा हा नियम आड आला नसता. म्हणजे तो नियम डोकी मोजत नव्हता, नाती तपासत होता. अशा नियमाला ती पळवाट मिळत नाही.

मग शहरांच्या हातात उरलं काय? विशेष परवाना आणि सुनावणी हा एक मार्ग. परवाना लेखी नाकारला तर खटल्याची भीती, म्हणून तारखा पुढे ढकलत संचालकाला दमवणं हाही एक मार्ग, तो कुठल्याच नियमात लिहिलेला नसतो. पण सगळ्यात वापरात आहे तो अंतराचा नियम: असं एक घर असेल तर दुसरं अमुक फुटांच्या आत नको.

या नियमामागचा विचार मुळात वाईट नव्हता, म्हणूनच तो जास्त गुंतागुंतीचा आहे. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेने मोठाली मनोरुग्णालयं आणि कोंडवाडे झालेल्या संस्था रिकाम्या करायला सुरुवात केली. माणसांनी वस्तीत राहावं, हा हेतू. पण स्वस्त भाग बघून एकाच गल्लीत अशी दहा-वीस घरं झाली तर? मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात एका संस्थेची २१ घरं जेमतेम दीड ब्लॉकमध्ये (ब्लॉक म्हणजे चार रस्त्यांच्या मधला चौकोन) होती. शहराने आणि राज्याने पाव मैलाच्या अंतराचा आग्रह धरला: भिंती पाडलेल्या संस्था गल्लीच्या रूपाने परत उभ्या राहायला नकोत. केंद्रीय अपील न्यायालयाने १९९१ मध्ये हे मान्य केलं. पाचच वर्षांनी, १९९६ मध्ये, वेगळ्या विभागाच्या अपील न्यायालयाने मिशिगनचा १,५०० फुटांचा नियम रद्द केला आणि शेजाऱ्यांना आधी कळवण्याची सक्तीही. त्यांचं म्हणणं साधारण असं, की अक्षम माणसांना एकमेकांजवळ राहण्यापासून अडवायचं आणि त्याला त्यांचं भलं म्हणायचं, हे चालणार नाही. त्यामुळे आजही एकाच नियमाचं भवितव्य शहर कुठल्या अपील न्यायालयाच्या हद्दीत येतं यावर बरंच अवलंबून असतं.

माझा कल मिशिगनच्या निकालाकडे आहे. एका गल्लीत गर्दी होते ती बाकीच्या पन्नास गल्ल्या बंद असतात म्हणून. अंतराचा नियम ती पन्नास दारं उघडत नाही, फक्त उघडं होतं तेही बंद करतो.

न्यू जर्सीत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत, आणि ऑटिझम असलेलं मूल मोठं झाल्यावर, शाळेचा आधार संपल्यावर ते कुठे राहील, हा प्रश्न त्यांच्यातल्याही काही घरांत आहे. म्हणून तिथला नियम मुद्दाम सांगतो. विकासात्मक अक्षमता, मेंदूला इजा किंवा असाध्य आजार असलेल्यांची सामुदायिक घरं आणि कौटुंबिक हिंसाचारातून सुटलेल्या स्त्रियांची निवासस्थानं सगळ्या निवासी पट्ट्यांत चालतात, आणि त्यांना सामान्य एका कुटुंबाच्या घराइतकेच नियम लागतात, असं राज्याचा कायदाच म्हणतो. पूर्वी त्यातही १,५०० फुटांच्या अंतराची अट होती आणि सहापेक्षा जास्त रहिवासी असतील तर वेगळी परवानगी. १९९६ मध्ये केंद्रीय न्यायालयाने या अटी बाजूला केल्या. एरवी झोनिंगमधून सूट मागणारा अर्ज आला की २०० फुटांच्या आतल्या मालकांना किमान दहा दिवस आधी नोटीस जाते. ग्रुप होमला सूट लागतच नाही, त्यामुळे नोटीसही नाही. शेजारच्या घरात ग्रुप होम आल्याचं लोकांना कळतं ते दारात व्हॅन उभी राहिल्यावर, आणि मग ‘आम्हाला विचारलंच नाही’ असा सूर निघतो. विचारायचं नाही हेच तर कायद्याने ठरवलेलं आहे. शेजारी दुसरं कुठलं कुटुंब राहायला आलं तरी आपल्याला कुणी विचारत नाही.

पण शेजाऱ्यांच्या सगळ्या तक्रारी पूर्वग्रहातूनच येतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर काय झालं ते पाहा. राज्याच्या कायद्याप्रमाणे परवानाधारक, सहा किंवा कमी रहिवाशांचं व्यसनमुक्ती घर हे झोनिंगपुरतं एक कुटुंबच. सोबर होममध्ये उपचार नसल्याने त्याला तो परवानाही लागत नाही. विम्याचा पैसा या धंद्यात शिरल्यावर शेजारी शेजारी सहा-सहा जणांची घरं घेणारे संचालक आले. रात्री-अपरात्री गाड्या, अंगणभर सिगारेटचा धूर, दर आठवड्याला नवे चेहरे. न्यूपोर्ट बीचने २००८ मध्ये कडक नियम केले. नियम कागदावर सगळ्यांना सारखा असला तरी तो या लोकांना हाकलण्याच्याच हेतूने केला असेल, तर तेवढा हेतूही खटल्याला पुरेसा आहे, असं अपील न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. पुढे शहराने ५० लाख डॉलरहून जास्त मोजून तडजोड केली. शेजारच्या कोस्टा मेसाने ६५० फुटांचं अंतर आणि शहराचा परवाना असा मार्ग काढला आणि तोही वर्षानुवर्षं कोर्टात घासला गेला.

ॲरिझोनाचा अनुभव त्याहून भीषण. २०२३ मध्ये तिथल्या राज्य सरकारने उघड केलं, की मूलनिवासी समाजातल्या लोकांना त्यांच्या वस्त्यांतून फिनिक्सच्या बनावट सोबर होममध्ये आणून ठेवलं जात होतं आणि न दिलेल्या उपचारांची बिलं सरकारी आरोग्य योजनेला लावली जात होती. अशा घराचं दुसऱ्या घरापासूनचं अंतर ६५० फूट असतं तरी आतल्या माणसाची फसवणूक टळली नसती. ते काम परवाना, तपासणी आणि बिलांची छाननी करणाऱ्यांचं. झोनिंगच्या खिडकीत ती तक्रार नेली की तिथला कारकून फक्त टेप घेऊन अंतर मोजू शकतो.

घरांच्या किमतींची भीती प्रत्येक सुनावणीत निघते. ग्रुप होमच्या बाबतीत गेल्या काही दशकांतल्या बहुतेक अभ्यासांना आसपासच्या किमती पडल्याचं आढळलेलं नाही. व्यसनमुक्ती केंद्रांबद्दलचे निष्कर्ष तितके एकमुखी नाहीत.

आता राहिलं हाफवे हाऊस, आणि इथे वर सांगितलेलं कायद्याचं छत्र संपतं. शिक्षा भोगलेला असणं ही अक्षमता नव्हे. १९८८ च्या सुधारणेने ड्रग्ज बनवण्याच्या किंवा विकण्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना तर नाव घेऊनच संरक्षणातून वगळलं. त्यामुळे एकच चार बेडरूमचं घर घ्या. आत ऑटिझम असलेले सहा जण राहिले तर शहराचे हात बांधलेले. दारू सोडलेले सहा जण राहिले तरी बरेचसे बांधलेले. तुरुंगातून सुटत आलेले सहा जण राहिले तर जवळपास मोकळे. याच सहातले चौघे व्यसनातूनही बाहेर पडत असतील तर? मग ते घर कायद्यात नेमकं कुठे बसतं यावर वकील दिवसचे दिवस वाद घालू शकतात.

हात मोकळे असले की शहरं काय करतात, ते डेन्व्हरमध्ये दिसलं. तिथे अशा घरांना मुख्यतः औद्योगिक पट्ट्यांतच जागा होती, शाळा आणि वस्तीपासून लांब. ज्याला नोकरीच्या मुलाखतीला बसने जायचंय त्याला गोदामांच्या मधोमध ठेवायचं, असा त्याचा अर्थ. २०१९ मध्ये शहर परिषदेने हाफवे हाऊस चालवणाऱ्या खासगी कंपन्यांचे करार नाकारले आणि लगेच पेच पडला: दुसरी घरं काढायची तर कायद्याने परवानगी असलेली जागा कुठे आहे? फेब्रुवारी २०२१ मध्ये परिषदेने नियम सैल केले. एका घरात बिननात्याचे पाच प्रौढ राहू शकतील (आधी दोन), आणि हाफवे हाऊस जास्त पट्ट्यांत चालेल. विरोधकांनी सह्या गोळा करून हा निर्णय मतदानाला लावला. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने नवे नियम कायम ठेवले. जाहीर सुनावणीला येणारे आणि मत देणारे हे दोन वेगळे समूह असतात, हे नगरसेवकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

वॉशिंग्टन शहरात उलट घडलं. पुरुषांसाठीचं तिथलं एकमेव हाफवे हाऊस २०२० मध्ये बंद झालं. बदली जागा न्यू यॉर्क ॲव्हेन्यूवर ठरली होती, पण लोकांच्या विरोधानंतर जागामालकाने माघार घेतली. राजधानीतल्या माणसांना शिक्षेचे शेवटचे महिने काढायला बाल्टिमोरसारख्या दुसऱ्या शहरांत जावं लागलं, म्हणजे नोकरी शोधायची एका शहरात आणि घर, बायकामुलं दुसऱ्या.

तुमच्या भागात अशा घराची सुनावणी लागलीच, तर जाऊन विचारण्यासारखं पुष्कळ आहे. किती खाटा, किती बाथरूम, फायर अलार्म कुठले, रात्री कामावर कोण, गाड्या कुठे लागणार, तक्रार कुणाच्या फोनवर करायची, संचालकाची आधीची घरं कशी चालली आहेत. नगरसेवक हे विचारू शकतात आणि संचालकाला उत्तर द्यावं लागतं. ‘आत राहणाऱ्यांना कुठला आजार आहे’ हा प्रश्न मात्र तिथे शोभणारा नाही. आणि असा प्रश्न सभेच्या इतिवृत्तात नोंदला गेला, तर पुढे खटला झाल्यावर संचालकाचा वकील शहराचा हेतू दाखवायला पहिल्यांदा तेच पान उघडतो.